एक पान अधिक

पोलंडमधील क्राकूव नगराचा रिनेक हा चौक मध्ययुगीन युरोपातील अत्यंत विस्तीर्ण चौकांपैकी एक गणला जातो. त्याच्या मधोमध कापडाच्या व्यापाऱ्यांसाठी उभारलेली सुकेन्नित्से ही लांबच लांब कमानींची इमारत आहे, एका कोपऱ्यास सेंट मेरीच्या देवळाचे विषम उंचीचे दोन मनोरे आहेत, आणि त्यांतील उंच मनोऱ्यावरून दर तासाला चारही दिशांना तुतारी फुंकण्याचा शिरस्ता शतकानुशतके चालत आलेला आहे. हे सूर शेवटास न जाता मध्येच अकस्मात तुटतात. तेराव्या शतकात तार्तरांची स्वारी आली तेव्हा नगराला सावध करणाऱ्या तुतारीवाल्याच्या कंठात बाण रुतला आणि सूर जेथे खंडित झाला तेथेच तो आजही थांबवला जातो, अशी त्यामागची आख्यायिका आहे. ज्या लोकांनी आपल्या अपुऱ्या राहिलेल्या सुराचीही इतक्या निष्ठेने जोपासना केली, त्यांचा वर्षातील सर्वांत मोठा सण पाहण्याचा योग मला आला, आणि तोही घराच्या उंबरठ्याबाहेरून न येता पंगतीला बसून आला, हे मी माझे भाग्य समजतो.

यागेलोनियन विद्यापीठाच्या आश्रयाने काही संशोधनाच्या कामासाठी माझा त्या नगरात मुक्काम होता. १३६४ साली स्थापन झालेल्या आणि कोपर्निकससारख्या विद्यार्थ्याचा अभिमान बाळगणाऱ्या या विद्यापीठात देशोदेशींची मुले शिकतात. डिसेंबरचा मध्य उलटला की वसतिगृहांच्या खोल्या एकामागून एक बंद होऊ लागतात आणि ज्यांना परतीचे भाडे परवडत नाही किंवा ज्यांच्या घरापर्यंतचा मार्गच बंद झालेला आहे, तेवढे मोजके लोक मागे राहतात. २४ डिसेंबरच्या दुपारी मी रिनेकवर गेलो, तेव्हा फुले विकणाऱ्या बाया कवी आदाम मित्स्क्येविच यांच्या पुतळ्यापाशी फुले वाहत होत्या. पोलंडच्या या महाकवीचा जन्म १७९८ सालच्या याच तिथीचा असल्यामुळे नाताळची पूर्वसंध्या आणि कवीची जयंती क्राकूवमध्ये एकाच दिवशी येतात. स्वदेश परकीयांनी वाटून घेतलेला असताना ज्याने आपले आयुष्य परभूमीत कंठले, ज्याचे ‘पान तादेउश’ हे राष्ट्रीय महाकाव्य १८३४ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले, ज्याने १८५५ साली कॉन्स्टंटिनोपलमध्ये देह ठेवला आणि ज्याच्या अस्थी पुढे पस्तीस वर्षांनी क्राकूवच्या वावेल टेकडीवरील कॅथेड्रलात आणल्या गेल्या, त्या प्रवासी पुरुषाचा जन्म घरी परतण्याच्या सणादिवशीच व्हावा, या योगायोगाचा विचार करीत मी तेथे बराच वेळ उभा होतो.

तीन वाजण्याच्या सुमारास चौक ओसरू लागला. त्या अक्षांशावर त्या दिवसांत सूर्य चारच्या आतच मावळतो; दुकाने मिटतात, ट्रामगाड्या विरळ होतात, आणि हातांत पुडकी घेतलेली माणसे झपाझप घराकडे निघतात. २०२५ पासून सरकारने हा दिवस सार्वजनिक सुटीचा ठरवला, परंतु जनतेने तो त्याआधी कितीतरी पूर्वीच आपल्यापुरता ठरवून ठेवलेला होता. सगळे नगर अशा रीतीने दारे लावून आत गेल्यावर, ज्याचे त्या नगरात दारच नाही त्याला परदेश म्हणजे काय हे जेवढे कळते तेवढे एरवी कळत नाही. दिवाळीच्या पहाटे परक्या शहरातील खोलीत जाग आलेल्या कोणाही मराठी माणसाला याचा वेगळा खुलासा करावयास नको.

मला मात्र त्या सायंकाळी जाण्याचे ठिकाण होते. विस्तुला नदीपलीकडील पोदगुझे या भागात राहणाऱ्या एका वृद्ध, निवृत्त शिक्षिकेने मला आठवड्यापूर्वीच आमंत्रण दिले होते. या बाई दरसाल डिसेंबरात वसतिगृहाच्या दप्तरात जाऊन सणाला मागे कोण कोण राहणार याची चौकशी करतात आणि त्यांतील जेवढे आपल्या मेजाभोवती मावतील तेवढ्यांना जेवावयास बोलावतात. मी मूळचा कोल्हापूरचा, हे ऐकताच त्या क्षणभर थांबल्या आणि मग ‘वळिवडे’ हे नाव पोलिश वळणाने पण अगदी स्पष्ट उच्चारून त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. त्यांच्या आईचे बालपण तेथे गेले होते.

हा इतिहास आपल्याकडे कोल्हापूर परिसराबाहेर फारसा कोणाला परिचित नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया यांनी पोलंड व्यापला. फेब्रुवारी १९४० पासून पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना रात्री-अपरात्री घरांतून काढून, मालगाड्यांत भरून सायबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार करण्यात आले. जर्मनीने रशियावरच चाल केल्यावर जुलै १९४१ मध्ये लंडनस्थित पोलिश सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार होऊन या बंदिवानांची सुटका झाली, आणि १९४२ साली लाखाहून अधिक पोलिश सैनिक व निर्वासित कास्पियन समुद्र ओलांडून इराणात पोहोचले. सुटका झालेल्यांपैकी मुलांचा एक जथा नवानगरच्या जामसाहेबांनी आपल्या संस्थानातील बालाचडी येथे ठेवून घेतला. आणि १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, पंचगंगेच्या खोऱ्यातील वळिवडे या गावी, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. तीत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. तेथे त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, इस्पितळ होते, बालवीरांची पथके होती. ज्या मुलांच्या छातीत दुर्बलता होती त्यांना हवापालटासाठी पाचगणीस पाठवण्याची तजवीज होती. पाच वर्षे हे पोलिश गाव ऊसमळ्यांच्या सान्निध्यात नांदले. १९४८ साली ते रिकामे झाले, तेव्हा त्यातील बहुतेक माणसे इंग्लंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी जगभर पांगली, थोडी मायदेशी परतली. आणि त्याच जागेवर फाळणीने घरदार गमावलेले सिंधी निर्वासित येऊन वसले. आज ज्या गांधीनगरात आपण कापडखरेदीला जातो, त्या भूमीने अशा रीतीने दोन परागंदा समाजांना एकापाठोपाठ आसरा दिलेला आहे. वॉर्सा या राजधानीत आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, जामसाहेबांच्या नावाने ‘चांगल्या महाराजांचा चौक’ आहे.

त्या संध्याकाळच्या भोजनास पोलिश लोक ‘विगिलिया’ म्हणतात. बाईंनी आम्हां प्रत्येकाला आपापल्या घरचा एक पदार्थ करून आणावयास सांगितले होते. अट एवढीच, की त्यात मांस नसावे, कारण विगिलिया हा सण असूनही परंपरेने उपवासाचा दिवस आहे. माझ्याकडून काय हवे हे मात्र त्यांनी स्वतःच सांगितले. पूर्व पोलंडात या रात्री ‘कुत्या’ नावाचे पक्वान्न करतात. अख्खे गहू मऊ शिजवून त्यात वाटलेली खसखस, मध आणि सुका मेवा घालतात. वळिवड्यास असताना मध मिळेना म्हणून आपल्या आजीने कुत्या गुळात केली आणि तसली कुत्या पुन्हा कधी खाल्ली नाही, असे त्यांची आई अखेरपर्यंत सांगत असे. बाईंनी गूळ कधी पाहिला नव्हता. माझ्या सामानात घरून दिलेली कोल्हापुरी गुळाची ढेप होती, आणि आमच्याकडे सणासुदीला होणारी खपली गव्हाची खीर ही त्या कुत्येची थेट सख्खी बहीण शोभावी अशी असते. तिच्यातही तोच अखंड गहू, तीच खसखस. आदल्या रात्री गहू भिजवून, सकाळी ते कांडून आणि मंद आचेवर दीर्घकाळ शिजवून मी त्यात गूळ, वेलदोडे व सुंठ घातली आणि दुधाऐवजी नारळाचा रस वापरला. तेथे खपली मिळाली नाही, साध्या गव्हावर काम भागले. परंतु गुळाला उकळी फुटली तेव्हा वसतिगृहाच्या ओसाड स्वयंपाकघरात कोल्हापुरातील गुऱ्हाळाचा वास दरवळला.

तिसऱ्या मजल्यावरील त्या लहानशा घरात मी पोहोचलो, तेव्हा आणखी तीन पाहुणे आलेले होते. एक इथिओपियाचा तरुण विद्यार्थी; त्यांचा नाताळ ७ जानेवारीला येतो आणि तोवर ते सर्व प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य करतात, त्यामुळे त्याने तिखट मसुराचे कालवण आणले होते. दुसरी युक्रेनमधील ल्विव्ह परिसरातून युद्धामुळे आलेली स्त्री, आणि तिची सहा-सात वर्षांची कन्या. पहिला तारा दिसल्याखेरीज विगिलियाचे जेवण सुरू करावयाचे नाही, आणि तारा पाहण्याचे काम घरातील बालकाचे, असा संकेत असल्यामुळे त्या मुलीला खिडकीपाशी नेमण्यात आले. आकाश ढगांनी भरलेले होते. तरीही तिने आपले काम इमानेइतबारे केले आणि बऱ्याच वेळाने ढगांच्या एका फटीकडे बोट दाखवून, तारा दिसल्याचे जाहीर केले. कोणीही शंका घेतली नाही.

मेजावर शुभ्र चादर होती आणि तिच्याखाली, गव्हाणीत जन्मलेल्या बालकाच्या स्मरणार्थ, गवताचा पातळ थर पसरलेला होता. थाळ्या ठेवताना ते गवत हलकेच कुरकुरे. जेवणापूर्वीचा विधी हा या रात्रीचा प्राण होय. पीठ व पाणी एवढ्यांचीच, कागदासारखी पातळ, ख्रिस्तजन्माचे चित्र उमटवलेली एक पांढरी पोळी असते. तिला ‘ओपुआतेक’ म्हणतात. ती प्रत्येकाच्या हाती दिली जाते, आणि मग प्रत्येक जण दुसऱ्या प्रत्येकासमोर जाऊन त्याच्या पोळीचा तुकडा मोडून घेतो, आपल्या पोळीचा त्याला मोडू देतो आणि त्याच्या डोळ्यांत पाहून येत्या वर्षासाठी त्याला काय लाभावे ते बोलून दाखवतो. समुदायाला उद्देशून एकदाच शुभेच्छा देऊन सुटका करून घेण्याची येथे सोय नाही. माणसागणिक थांबावे लागते, आणि ज्याच्यासमोर थांबलो त्याला खरोखर कशाची उणीव आहे याचा क्षणभर तरी विचार करावा लागतो. परदेशी गेलेल्या आप्तांना पोलिश लोक हीच पोळी टपालाने पाठवतात. हद्दपारीच्या हिवाळ्यात जेव्हा तीही नव्हती, तेव्हा आईच्या घरच्यांनी भाकरीचा वाळका तुकडा असाच वाटून घेतला होता, असे बाईंनी सांगितले. युक्रेनी स्त्री आणि बाई एकमेकींसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांचे बोलणे मला कळले नाही. पण बाईंच्या आईचे गाव १९३९ पर्यंत पोलंडमध्ये होते आणि आज ते युक्रेनमध्ये आहे, त्या मातीवर युद्धकाळात या दोन समाजांनी एकमेकांचे रक्त सांडलेले आहे, आणि आज त्याच मातीतून उठून आलेली ही आई आपल्या लेकरासह या घरी आश्रयाला आहे, हे मला ठाऊक होते; त्या दोघींनी एकमेकींच्या हातून मोडून घेतलेल्या त्या तुकड्यांचे मोल त्यावरून मी जाणले.

युक्रेनमध्ये कुत्या सर्वांआधी वाढतात, म्हणून त्या रात्री त्या पाहुणीचा मान राखून कुत्येने प्रारंभ झाला आणि तिच्या शेजारी माझ्या खिरीचे भांडे ठेवण्यात आले. बाईंनी पहिला घास घेतला, मग काही न बोलता दुसरा घेतला, आणि नंतर म्हणाल्या, “आई खरे सांगत होती.” पुढे बीटरुटचे लालभडक ‘बार्श्च’ आले, त्यात अळिंबीचे सारण भरलेल्या इवल्याशा कानवल्या तरंगत होत्या, हेरिंग मासा आला, तळलेला कार्प आला, कोबी व अळिंबी भरलेल्या ‘पिएरोगी’ आल्या, वाटाण्याबरोबर शिजवलेली आंबट कोबी आली, सुकवलेल्या आलुबुखाराचे धुरकट चवीचे पेय आले आणि शेवटी खसखशीच्या सारणाची गुंडाळी. बारा शिष्यांच्या स्मरणार्थ बारा पदार्थ असावेत असा दंडक आहे. मसूर व खीर धरून आमची संख्या जवळजवळ भरली. कार्पचा एक एक खवला, वर्षभर पैशाच्या पाकिटात जपून ठेवल्यास लक्ष्मी टिकते म्हणून, प्रत्येकाला देण्यात आला. जेवणानंतर बाईंनी नाताळची गाणी म्हटली, युक्रेनी मायलेकींनी आपली म्हटली, इथिओपियाच्या तरुणाने टाळ्यांच्या ठेक्यावर आपले एक स्तोत्र म्हटले, आणि माझी पाळी आली तेव्हा मी एक भूपाळी म्हटली, कारण आमच्या घरी सणाचा दिवस तिनेच उजाडत असे.

या सर्व वेळात मेजावर एक थाळी रिकामी होती. तिच्याशेजारी काटे-चमचे होते, पेला होता, खुर्चीही होती. पोलिश घरांत विगिलियाला असे एक पान अधिक मांडतात. ते अवचित दाराशी येणाऱ्या पांथस्थासाठी असते आणि जे दूर आहेत किंवा जे आता नाहीत त्यांच्यासाठीही असते. १७९५ पासून १९१८ पर्यंत ज्या राष्ट्राला नकाशावर जागा नव्हती, ज्याची माणसे बंडांनंतर सायबेरियात आणि युद्धांनंतर जगभर विखुरली, त्या राष्ट्रात असे घर विरळाच, ज्याला या थाळीसाठी नाव शोधावे लागले असेल. मी बाईंना विचारले, की या पानावर कोणी अनाहूत येऊन बसल्याचे आपण कधी पाहिले आहे काय?

त्यांनी दिलेले उत्तर मी त्या रात्रीच टिपून ठेवले. “लहानपणी मी दर वर्षी दाराकडे बघत बसायची,” त्या म्हणाल्या. “कधी कोणी आले नाही. ज्याला घर नाही तो परक्याच्या जिन्यावर चढून दार ठोठावत नाही. त्याला संकोच वाटतो. आई म्हणायची, वळिवड्याला आम्ही कोणाचे दार ठोठावले नव्हते, आम्हांला बोलावून घेतले होते. मग मी ठरवले, की थाळी मांडून वाट पाहायची नाही, माणूस शोधायला जायचे.” आणि मग रिकाम्या थाळीकडे निर्देश करून त्या म्हणाल्या, “तुम्ही सगळे आलात म्हणून ही उचलायची नाही. तुम्ही मोजणीत आलात. ही पुढच्यासाठी.”

पाहुणचार ही आपण बहुधा मनाच्या औदार्याची बाब समजतो. परंतु औदार्य ही येणारी-जाणारी वृत्ती आहे. मन प्रसन्न असले की ती असते, कामाचा ताण असला, हात आखडता असला, की ती नसते. रूढीचे महत्त्व असे, की ती या वृत्तीवर विसंबून राहत नाही. पान मांडलेच पाहिजे, मग घरात सुबत्ता असो की हद्दपारीतील वाळकी भाकरी असो. मात्र रूढी फार तर जागा राखून ठेवते. त्या जागेवर माणूस आणून बसवण्याचे काम तिला करता येत नाही. ते काम, जो कोणी त्या रूढीचा अर्थ अक्षरशः घेतो त्याचे असते. पोलंडातील घरोघरी पिढ्यानुपिढ्या मांडल्या गेलेल्या त्या थाळीचा शब्द या बाईंनी खरा मानला, आणि म्हणून एका संध्याकाळपुरते चार परदेशस्थ क्राकूवमध्ये घरी होते.

आपल्याकडे ही जागा राखलेली नाही असे नाही. जेवणापूर्वी यजमानाने दाराबाहेर येऊन कोणी अतिथी आहे काय हे पाहावे, असा गृहस्थधर्म आपल्या पूर्वजांनी सांगितला. काकबळी आणि गोग्रास काढल्यावाचून घास घेऊ नये असे घालून दिले. वार लावून जेवणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचे पान ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी पडे आणि त्या पानांवर महाराष्ट्रातील विद्वानांच्या पिढ्या वाढल्या. कोल्हापुरात तर शाहू छत्रपतींनी १९०१ पासून वसतिगृहांची अशी परंपरा सुरू केली, की वसतिगृहांची जननी हे नाव त्या नगराला मिळाले. वळिवड्याची वसाहत त्या नगराच्या शेजारी उभी राहिली याचे म्हणूनच मला नवल वाटत नाही. पण वारावरची जेवणे गेली, अतिथीसाठी दाराबाहेर डोकावणे गेले, आणि सणाचे पान आज आपण मोजून घरच्यांपुरते मांडतो.

क्राकूवहून परतल्यावर मी हा विषय घरी काढला, तेव्हा दिवस संक्रांतीचे होते. त्या दिवसांत आमच्या जिल्ह्याच्या शिवारांत बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून आलेल्या ऊसतोड कामगारांची पाले पडलेली असतात. गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो, त्यामुळे संक्रांतीचा सण या कुटुंबांना आपल्या गावापासून दूर, उसाच्या फडाशेजारी करावा लागतो. ज्या उसाचा गोडवा आपण तिळाबरोबर एकमेकांच्या हातावर ठेवतो, तो ऊस त्यांच्या कोयत्याने तुटलेला असतो. आणि तरीही तिळगूळ देताना त्यांच्या पालापर्यंत जाण्याचे आपल्याला सुचत नाही. त्या वर्षी आमच्या घरून मंडळी गेली, दोन कुटुंबांना जेवावयास घेऊन आली, आणि माझ्या मातुःश्रींनी पंगत मांडताना आणखी एक पाट मांडला. दरसाल तो मांडावयाचा आणि दरसाल तो भरावयाचा, असे आता घरात ठरलेले आहे. ज्यांच्या घराजवळ फड आहे, वीटभट्टी आहे, कारखाना आहे किंवा नुसते एखादे वसतिगृह आहे, त्यांनी आपल्या सणाच्या मोजणीत एक पान अधिक धरावे आणि त्या पानाचा धनी शोधण्यासाठी आदल्या दिवशी स्वतः घराबाहेर पडावे, अशी माझी त्यांना नम्र आणि आग्रहाची विनंती आहे.